'मनमानी' या शब्दाचा अर्थ : व्यवहारात आणि कायद्यात

प्रास्ताविक

'हा निर्णय मनमानी आहे' हे वाक्य कार्यालयात, महाविद्यालयात, निवेदनात आणि न्यायालयीन अर्जात सारख्याच सहजतेने वापरले जाते. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा अन्यायाची भावना असते. न्यायालयाला मात्र भावना पुरेशी नसते. निर्णय आवडला नाही म्हणून तो मनमानी ठरत नाही आणि निर्णयाचा परिणाम चांगला झाला म्हणून त्यातील मनमानी नाहीशी होत नाही. प्रस्तुत लेखात या शब्दाच्या व्यावहारिक आणि कायदेशीर अर्थांतील साम्य व भेद स्पष्ट केला आहे.

व्यवहारातील अर्थ

मराठीत या कल्पनेभोवती अनेक शब्द आहेत. 'मनमानी'त मनाला मानेल तसे वागणे अभिप्रेत आहे. 'लहरी' म्हटले की वर्तनातील अस्थिरता सूचित होते. 'मर्जी'त अधिकाऱ्याची कृपा किंवा अवकृपा दिसते, तर 'स्वैर'मध्ये बंधनाचा अभाव. 'हम करे सो कायदा' हा वाक्प्रचार सत्तेच्या उन्मत्तपणावर बोट ठेवतो. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण सारख्या प्रकरणांत वेगळा न्याय लावण्यावर. या दोन दोषांपैकी पहिल्यात निर्णयाला कारण नसते आणि दुसऱ्यात निर्णयाला समानता नसते. कायद्याने पुढे या दोहोंना एकत्र जोडले.

'यादृच्छिक' हा शब्द मात्र वेगळा आहे. फेर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक मानला आहे. झाडाला 'झाड'च का म्हणावे, याला निसर्गात कारण नाही. परंतु म्हणून एखाद्या व्यक्तीला तो शब्द मनाप्रमाणे बदलता येत नाही. समाजाचा संकेत तिला बांधून ठेवतो. म्हणजे संबंधाला नैसर्गिक कारण नसले तरी वापराला नियम असतो. इंग्रजीत या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्याने होणारा घोटाळा मराठीत सहज टाळता येतो.

कायद्यातील अर्थ

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये 'मनमानी' हा शब्द नाही. तेथे कायद्यापुढील समानता आणि कायद्याचे समान संरक्षण यांची हमी आहे. आरंभी न्यायालये केवळ वर्गीकरणाची कसोटी लावत असत : वर्गीकरणाला सुस्पष्ट आधार आहे काय आणि त्या आधाराचा कायद्याच्या हेतूशी संबंध आहे काय? ई. पी. रोयप्पा विरुद्ध तामिळनाडू राज्य (१९७४) या खटल्यात न्या. भगवती यांनी समानता आणि मनमानी या परस्परविरोधी गोष्टी आहेत, अशी भूमिका मांडली. मनेका गांधी (१९७८) खटल्यात तिला बळकटी मिळाली. एच. एम. सीरवाई यांच्यासारख्या संविधानतज्ज्ञांनी या सिद्धांतावर टीका केली. परंतु न्यायालयीन व्यवहारात तो रुजला.

मनमानी या कारणाने प्रशासकीय कृती रद्द होऊ शकते. विधिमंडळाने केलेला कायदाही होऊ शकतो काय, यावर दीर्घकाळ मतभेद होते. मॅकडॉवेल (१९९६) खटल्यात नकारार्थी मत व्यक्त झाले. शायरा बानो (२०१७) या तिहेरी तलाकच्या खटल्यात न्या. नरिमन यांनी ते मत नाकारून 'उघड मनमानी'ची कसोटी मांडली. नवतेज सिंग जोहर (२०१८) आणि निवडणूक रोखे (२०२४) या खटल्यांतही ती वापरली गेली.

एक उदाहरण

शिक्षकवर्गाच्या दृष्टीने अजय हासिया (१९८१) हा खटला विशेष उद्बोधक आहे. श्रीनगर येथील प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. प्रत्येक उमेदवाराची मुलाखत सरासरी दोन-तीन मिनिटांत उरकली गेल्याची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने मुलाखत पद्धतीच अवैध ठरवली नाही. मात्र एकूण गुणांच्या एक-तृतीयांश भार इतक्या अल्प आणि व्यक्तिसापेक्ष चाचणीवर टाकणे मनमानी ठरवले व अशा प्रवेशांत १५ टक्क्यांहून अधिक भार नसावा, असे सांगितले. बराच काळ लोटल्याने झालेले प्रवेश मात्र रद्द केले नाहीत. येथे कोणा परीक्षकाचा दुष्ट हेतू सिद्ध करावा लागला नाही, हे महत्त्वाचे. व्यवहारात मनमानी हा माणसाचा दोष समजला जातो. कायद्यात तो पद्धतीचाही दोष असू शकतो.

यादृच्छिक, तरीही मनमानी नव्हे

मतदानाचे वय १८ असते, १७ वर्षे ११ महिने नसते. रेषा कोठेतरी ओढावीच लागते आणि तेवढ्याने ती मनमानी ठरत नाही. मात्र रेषेचा हेतूशी संबंध तुटला तर ती टिकत नाही. नाकारा (१९८२) खटल्यात केवळ निवृत्तीच्या तारखेवरून निवृत्तिवेतनधारकांत केलेला भेद याच कारणाने अवैध ठरला.

सोडतीचे उदाहरण आणखी बोलके आहे. २०१७ च्या मुंबई महानगरपालिका निवडणुकीत एका प्रभागात दोन उमेदवारांना समान मते पडल्यावर चिठ्ठी टाकून निकाल लावण्यात आला. चिठ्ठीला कारण नसते. परंतु चिठ्ठीला मर्जीही नसते. पात्रता समान असताना सोडत हा मनमानीवरचा उपायच ठरतो. पात्रता भिन्न असताना मात्र तीच सोडत गुणवत्तेचा विचार टाळण्याचे साधन बनेल.

विवेकाधिकार हाही मनमानीचा समानार्थी शब्द नव्हे. पोलीस आयुक्त, मुंबई विरुद्ध गोरधनदास भानजी (१९५१) या खटल्यात चित्रपटगृहाची परवानगी आयुक्तांनी स्वतःच्या विचाराने नव्हे, तर शासनाच्या सांगण्यावरून रद्द केल्याचे दिसल्याने तो आदेश टिकला नाही. आदेशाचा अर्थ त्यातील शब्दांवरून ठरतो, मागाहून दिलेल्या स्पष्टीकरणावरून नव्हे, हेही तेथे स्पष्ट झाले. ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने स्वतः विचार न करणे, हाही अधिकाराचा गैरवापरच होय.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, व्यवहारात 'मनमानी' हा आरोप असतो, तर कायद्यात ती कसोटी असते. नियम आधी ठरला होता काय, तो सर्वांना सारखा लावला काय, निकषाचा हेतूशी संबंध आहे काय आणि कारण निर्णयाच्या वेळीच नोंदवले होते काय, हे चार प्रश्न त्या कसोटीचे सार आहेत. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण किंवा उपस्थितीतील सवलत देताना प्रत्येक शिक्षक लहानसा अधिकारच वापरत असतो. अशा निर्णयांपैकी फारच थोडे न्यायालयापर्यंत पोहोचतात. त्यामुळे विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारणे, हेच बहुतेक वेळा त्याला मिळणारे एकमेव संरक्षण असते.