हप्ता बचतीतूनच फिटू दे

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या बंदरांत होड्या लागतात तेव्हा बर्फ तयार हवा. उशीर झाला की मासळीचा भाव उतरलाच. हा बर्फ करणाऱ्या कारखान्यात अमोनियाचा कॉम्प्रेसर रात्रंदिवस धडधडत असतो, मिठाच्या थंड पाण्याच्या टाकीत पत्र्याचे डबे बुडवलेले असतात, आणि खर्चाचा मोठा वाटा विजेचा असतो. टाकीभोवतीचं थंडी धरून ठेवणारं अस्तर ओलं झालं, कंडेन्सरच्या नळ्यांवर क्षारांची पुटं चढली, मोटर जुनाट झाली की तेवढ्याच लाद्यांना जास्त युनिटं लागतात. मालकाला हे सगळं ठाऊक असतं. अडतं ते एकरकमी पैशापाशी.

यावर एक तोडगा महाराष्ट्रातच करून झालेला आहे. 2007 साली अकोला महापालिकेने रस्त्यावरचे साडेअकरा हजारांवर जुने दिवे बदलून बारीक टी-5 ट्यूबलाइट लावल्या. सुमारे 57 लाखांचा खर्च होता, आणि तो सगळा एशियन इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने केला. देखभालही तिचीच. वीज निम्म्याहून कमी लागू लागली आणि वर्षाला सुमारे 64 लाख रुपये वाचू लागले. मोजून सिद्ध झालेल्या या बचतीतले 95 टक्के सहा वर्षं कंपनीला द्यायचे, असा करार होता. अशा कंपनीला ऊर्जा सेवा कंपनी म्हणतात, थोडक्यात एस्को. बचत झाली नाही तर पैसे तिचे बुडतात, म्हणून काम नीट होतं. मला मात्र ते 95 टक्के फार वाटतात. वर्षाच्या आत वसूल होणाऱ्या गुंतवणुकीला इतका वाटा देण्याआधी घासाघीस व्हायला हवी.

बर्फाच्या कारखान्यात हा करार दिव्यांइतका सरळ नाही. दिवा रोज ठरावीक तास जळतो. बर्फाचं उत्पादन मासळीवर चालतं, आणि मासळी कुणाच्या हातात नाही. बांगडा भरभरून मिळाला त्या महिन्याचं बिल चढणारच, मग नव्या मोटरने काही वाचवलं की नाही हे नुसत्या बिलावरून कसं कळणार? म्हणून महिन्याचं बिल बाजूला ठेवून एक टन बर्फाला किती युनिटं लागली, हे मोजायचं. यंत्र बदलण्याआधीचा हा आकडा मालक आणि कंपनी दोघांनी सह्या करून मान्य करायचा. एस्कोचे अनेक वाद याच पहिल्या आकड्यावरून होतात.

दुसरी गोष्ट किनाऱ्यावरचीच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. बँकेच्या कर्जाचा हप्ता त्या दोन महिन्यांतही दारात उभा राहतो. बचतीवर बांधलेला हप्ता, करार नीट लिहिला तर, बर्फ निघेल तेव्हाच निघतो. दर्यावर पोट असणाऱ्यांना या पद्धतीचा खरा फायदा इथे आहे, असं मी मानतो.

कंपन्यांचीही बाजू आहे. ईईएसएल या केंद्राच्या कंपनीने 2015 पासून देशभर याच तत्त्वावर रस्त्यांवर एलईडी लावले, आणि अनेक ठिकाणच्या स्थानिक संस्थांकडे तिची बिलं थकली. म्हणून वाचलेली रक्कम आधी बँकेतल्या वेगळ्या खात्यात जमा व्हावी, तिथून कंपनीचा वाटा जावा, हे उत्तम.

एकट्या छोट्या कारखान्यासाठी कंपनी मुंबई-पुण्याहून येणार नाही. पाच-सहा कारखान्यांनी किंवा मच्छीमार सोसायटीने मिळून बोलावलं, तर येईल. तारकर्ली-देवबागला पर्यटकांसाठी न्याहरी-निवास चालवणाऱ्यांना तर एस्कोचीही गरज नाही; त्यांनी पंखे बदलले तरी फरक पडेल. साधा पंखा सुमारे 75 वॅट घेतो, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा तीसेक. केंद्राच्या उजाला योजनेत काही राज्यांत एलईडी बल्बचे पैसे वीजबिलातून दहा-दहा रुपयांनी वळते झाले. पंख्यांसाठी महावितरणने तसंच करायला काय हरकत आहे?

कारखान्यांनी मात्र यंदाच कामाला लागावं. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू होताच कॉम्प्रेसरला वेगळा मीटर बसवावा, रोजच्या लाद्या आणि युनिटं एका वहीत लिहावीत. मे अखेरीला हाती पूर्ण हंगामाचा हिशेब असेल. तो दाखवून करार करावा, आणि बंदीच्या दोन महिन्यांत टाकी रिकामी असताना अस्तर आणि मोटर बदलून घ्यावी.