शिष्यवृत्ती कोणाची आणि जावई कोण?

अमेरिकेतील विद्यापीठांत फुटबॉल या नावाने जो खेळ चालतो तो आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे आणि समोरच्याने अंगावर येऊन पाडायचे, असा तो खेळ. पण त्यातली एक रीत आपण समजून घ्यावी अशी आहे. तेथे संघात दोन प्रकारचे विद्यार्थी असतात. काहींना प्रशिक्षक शाळेतच हेरतात. त्यांची फी, राहणे, जेवण विद्यापीठ पाहते. वरच्या गटातील प्रत्येक विद्यापीठाला अशा 85 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. उरलेले ‘वॉक-ऑन’, म्हणजे घरच्या पैशाने शिकणारे आणि स्वतःहून मैदानावर आलेले. सरकारी विद्यापीठात परराज्यातल्या विद्यार्थ्याला फी कितीतरी जास्त, त्यामुळे यात स्थानिकांचा भरणा मोठा. नेब्रास्काचा संघ तर अशा स्थानिक मुलांसाठीच ओळखला जातो.

6 जून 2025 रोजी न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने शिष्यवृत्त्यांची मर्यादा उठली, मात्र संघाची संख्या 105 वर बांधली गेली. कात्री कोणावर चालली? अर्थातच वॉक-ऑनवर. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी याच मुद्द्यावर तडजोड अडवून धरली, तेव्हा कुठे नावे कापलेल्या मुलांना मर्यादेबाहेर ठेवण्याची मुभा विद्यापीठांना मिळाली. मुभा मिळाली, हक्क नाही. कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आता आपल्याकडे पाहा. मुंबईतली कॉलेजेही खेळाडू हेरतात, फी माफ करतात, करंडक जिंकला की त्या मुलाचा फोटो फळ्यावर लावतात. त्याला कोणी फुकट्या म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मात्र त्याच वर्गात भारत सरकार शिष्यवृत्तीवर शिकणारा आमचा मुलगा ‘सरकारचा जावई’ ठरतो! एकाची फी माफ झाली तर ती गुणवत्ता, दुसऱ्याची भरली गेली तर ते उपकार. हा न्याय कोणत्या पुस्तकात लिहिला आहे?

यातली खरी मेख पुढेच आहे. हा ‘जावई’ मैदानावर मात्र वॉक-ऑन असतो. शिष्यवृत्ती फीची आणि निर्वाहभत्त्याची. बुटांची, दुधा-अंड्यांची, रेल्वेच्या पासाची नव्हे. भाईंदरच्या केबिन रोडवरून चर्चगेटकडच्या मैदानावर सरावाला जायचे तर चाळीसेक किलोमीटर लोकलने लोंबकळत जावे लागते. दुपारी परत आल्यावर घरातल्या कामाला हात लावायचा तो वेगळाच. दुसऱ्याला खुराक आणि प्रशिक्षक आधीच मिळालेला. मग दोघांना एकाच चाचणीत उभे करून शिट्टी वाजवतात आणि निकालाला गुणवत्ता म्हणतात.

पळवणकर बाळू हे या देशातले पहिले मोठे वॉक-ऑन म्हणावेत. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्याच्या युरोपियन क्लबात महिना 4 रुपयांवर खेळपट्टीची कामे करी आणि नेटमध्ये साहेबांना चेंडू टाकी. त्याला निवडले कोणी नव्हते. पुढे त्याच्याशिवाय युरोपियनांना हरवता येईना, तेव्हा हिंदूंनी संघात घेतले. चहा मात्र पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते भाऊ विठ्ठल यांना मिळाले, 1923 साली. (1937 मध्ये काँग्रेसने बाळूंना बाबासाहेबांसमोर उभे केले आणि ते हरले. तो हिशेब निराळा. त्यांची गोलंदाजी त्याने खोटी ठरत नाही.)

खेळाला आज किंमत आहे ती केवळ करंडकाची नाही. 2005 च्या शासन निर्णयाने राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण दिले. प्रमाणपत्र हवे तर स्पर्धा हव्यात, स्पर्धेसाठी संघ हवा, आणि संघात टिकायला लागणारा पैसा घरातून यायचा, अशी ही साखळी आहे.

पालकांनी एक काम करावे. जिमखाना फी कॉलेज सगळ्यांकडून घेते. अनुदानित कॉलेजात माहिती अधिकार कायदा, 2005 खाली साधा अर्ज टाका: मागील तीन वर्षांत जिमखाना फी किती जमली, कोणत्या खेळावर किती खर्च झाली, प्रवासभत्ता व साहित्य किती विद्यार्थ्यांना दिले, आणि त्यांपैकी अनुसूचित जाती-जमातींचे किती. अर्ज शुल्क 10 रुपये. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करा, त्याला वकील लागत नाही.