पटावर नाव, पाटीवर अक्षर: सातारा-सांगलीच्या शाळांचा आढावा

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलाच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकावर एका मुलाचे नाव चढले: भिवा रामजी आंबेडकर. ती शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. रजिस्टरातल्या एका ओळीने पुढे देशाच्या इतिहासाला वळण दिले. पण त्याच काळात या जिल्ह्यातली हजारो मुले गुरे राखत होती, शेतात राबत होती आणि त्यांची नावे कोणत्याच शाळेच्या पटावर नव्हती.

सव्वाशे वर्षांत ही स्थिती पालटली. आज सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत जवळपास प्रत्येक मुलाचे नाव पटावर आहे. त्यामुळे आता विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पटावर नाव असलेल्या मुलाला वाचता येते का? आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतले बहुतेक विकसनशील देश आज याच प्रश्नापाशी उभे आहेत. त्याचे उत्तर शोधताना या दोन जिल्ह्यांकडे पाहावे, असे मला मनापासून वाटते. मूल शाळेत का येत नाही आणि आलेले मूल का शिकत नाही, या दोन्ही कोड्यांवर इथल्या माणसांनी प्रत्यक्ष काम केले आहे.

रयतेची शाळा

सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा, आणि त्यांचे पती जोतीराव फुले यांचे मूळ गाव कटगुण हेही याच जिल्ह्यातले. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी रोखठोक मांडणी केली. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, ही त्यांची तक्रार होती. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी होती. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. सबंध देशाला असा कायदा मिळायला २००९ साल उजाडावे लागले.

या विचाराला गावोगावचे रूप दिले ते कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या दुधगावात त्यांनी सहकाऱ्यांसह विद्यार्थी आश्रमाचा प्रयोग केला आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. सांगली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. १९४९ मध्ये सातारचे विभाजन होऊन दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून या दोन जिल्ह्यांचा शैक्षणिक इतिहास एकाच चुलीवर शिजलेला आहे.

गरिबाचे मूल शाळेबाहेर का राहते, हे कर्मवीरांनी अचूक ओळखले होते. त्या मुलाला राहायला जागा लागते आणि दोन वेळची भाकरी लागते. शिवाय त्याच्या कष्टाशिवाय घर चालत नसते. शाळेची इमारत बांधून यातले काहीच सुटत नाही. म्हणून त्यांनी आधी वसतिगृहे काढली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले. तिथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू लागली, एका पंगतीला जेवू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले. मूठमूठ धान्य गोळा करून मुलांचे पोट भरले जाई. ते अपुरे पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिले. १९४० मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कुलात मुलांनी काम करून शिक्षण घेतले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना आज विद्यापीठांच्या नियमावलीत दिसते, तिची मुळे इथली आहेत.

यातला फारसा न सांगितला जाणारा भाग शिक्षकांचा आहे. १९३५ मध्ये संस्थेने ग्रामीण भागासाठी अध्यापक विद्यालय काढले, आणि पुढे जिथे सरकारी शाळा नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा चालवल्या. शाळा, वसतिगृह आणि शिक्षक या तिन्हींची जबाबदारी एकाच वेळी उचलल्यामुळे हे काम टिकले.

सारा गाव साक्षर

मुलांची सोय होत होती, पण मोठ्यांचे काय? १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता अवघी १८ टक्क्यांच्या आसपास होती. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. तिची पद्धत साधी आणि विलक्षण होती. एकेका प्रौढाला वर्गात बोलावत बसण्याऐवजी सगळ्या गावाने मिळून साक्षर होण्याचे ठरवायचे. गावातले शिक्षक आणि शिकलेली पोरे शिकवणार, देवळात आणि चावडीत वर्ग भरणार, आणि काम पुरे झाले की ग्रामगौरव समारंभ होणार. १९६१ पासून ही मोहीम राज्यभर नेण्यात आली आणि पुढे युनेस्कोनेही तिची दखल घेतली. त्याच १९६१ मध्ये क्यूबात एक लाखाहून अधिक तरुण स्वयंसेवक कंदील आणि पुस्तके घेऊन खेड्यांत गेले आणि वर्षभरात सुमारे सात लाख लोक साक्षर झाले. राज्यव्यवस्था निराळ्या होत्या, पण साक्षरता ही साऱ्या समाजाची जबाबदारी आहे, ही जाणीव दोन्हीकडे होती.

मोहीम सरली की मात्र अडचण सुरू होते. वाचायला काही नसेल, लिहायला निमित्त नसेल, तर शिकलेली अक्षरे पुसली जातात. २०११ च्या जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांची साक्षरता ८० टक्क्यांपुढे गेली, तरी स्त्रिया आणि पुरुष यांच्यातले अंतर दहा टक्क्यांहून अधिक राहिले. आज ‘उल्लास’ या कार्यक्रमातून पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांना पुन्हा शिकवले जात आहे. त्यात समोर बसतात त्या मुख्यतः वयस्क बाया. त्यांच्या बालपणी घरातले काम आणि धाकट्या भावंडांची राखण त्यांच्याच वाट्याला आली होती.

वर्गात बसलेले, तरी मागे राहिलेले

असर २०२४ या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या ६ ते १४ वयोगटातल्या ९८ टक्के मुलांची नावे शाळेत आहेत. पण पाचवीतल्या ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. २०२२ मध्ये जागतिक बँक आणि तिच्या सहकारी संस्थांच्या अहवालाने अंदाज दिला की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली दहा वर्षांची सुमारे ७० टक्के मुले साधा मजकूर समजून वाचू शकत नाहीत. कोरोनाकाळात शाळा बंद राहिल्याने ही दरी आणखी रुंदावली.

याही प्रश्नावर सातारा जिल्ह्याने मोलाचे काम केले आहे. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झाल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि वंचित वस्त्यांमधली मुले शाळा का सोडतात याचा त्यांनी अभ्यास केला. १९८६ मध्ये तिथे कमला निंबकर बालभवन सुरू झाले. सगळी बाराखडी पाठ होईपर्यंत मुलाला थांबवून न ठेवता, थोडी अक्षरे शिकताच त्यांपासून अर्थपूर्ण शब्द आणि वाक्ये वाचायला द्यायची, असा तिथल्या वाचनशिक्षणाचा गाभा आहे. आपण वाचू शकतो हा विश्वास मुलाला पहिल्या महिन्यांतच मिळाला, तर ते शाळा सोडत नाही.

हे सरकारी शाळेतही होऊ शकते, हे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटने, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाने, दाखवले. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले. जमिनीवर आणि भिंतींवर फळे आले, खडू मुलांच्या हाती गेला, मुले गटात बसून साहित्य हाताळू लागली. शिक्षा आणि भीती बाजूला सारली गेली. राज्यभरातून शिक्षक हे पाहायला आले आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाला त्यातून बळ मिळाले. केनियातही २०१५ पासून ‘तुसोमे’ कार्यक्रमाने प्रत्येक मुलाला पुस्तक आणि शिक्षकाला वर्गात येऊन मदत करणारा मार्गदर्शक दिला. दोन्हीकडे शिक्षकाला एकटे सोडले नाही, हा धडा महत्त्वाचा आहे.

अजून काठावर असलेली मुले

कृष्णाकाठी ऊस आहे आणि उसाच्या हंगामाबरोबर टोळ्या येतात. बीडकडून येतात, तशा जत, माण, खटाव या दुष्काळी भागांतूनही माणसे कोयता घेऊन बाहेर पडतात. उचल घेतलेली असते, मुकादमाचा शब्द पाळायचा असतो, म्हणून आईबापांबरोबर मुलेही कोपीवर येतात. दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचा हंगाम म्हणजे शाळेचे निम्मे वर्ष. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे हे त्यावरचे उपाय आहेत, पण पैसा उशिरा आला की मुलाचे वर्ष बुडते.

पश्चिमेला जावळी, महाबळेश्वर आणि पाटणच्या डोंगरात वस्त्या विखुरलेल्या आहेत. जावळीतल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात, या बातमीची २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अशा भागांत पट वीसच्या आत असणे स्वाभाविक आहे. राज्यात अशा हजारो शाळा आहेत. त्या एकत्र करून समूह शाळा कराव्यात, असा विचार अधूनमधून पुढे येतो. कागदावर त्यात काटकसर दिसते. पण पावसाळ्यात ओढा ओलांडून सात वर्षांच्या मुलीला कोण पाठवणार? शाळा लांब गेली की आधी मुलींचे शिक्षण थांबते.

पूर्वेला जत तालुक्यात अनेक घरांत कन्नड बोलली जाते आणि जिल्हा परिषद तिथे कन्नड माध्यमाच्या शाळा चालवते. त्या मुलांना त्यांच्या भाषेतला शिक्षक मिळणे हा त्यांचा हक्क आहे. घरची भाषा वर्गात ऐकू आली, तर पहिले वाचन सोपे जाते.

आता काय करायचे

कर्मवीरांनी मुलाच्या अडचणीतून शाळेची रचना केली. आज शासन शाळेच्या पटावरून मुलाची सोय ठरवते. हा क्रम पुन्हा उलटा करायला हवा. डोंगरातली शाळा पट पाहून बंद होऊ नये. ऊसतोड मुलांची शाळा कारखान्याच्या गाळपासोबतच सुरू व्हावी आणि तिचा खर्च हंगामाआधी मंजूर व्हावा. निवडणूक, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जाणारे शिक्षकाचे दिवस त्याला वर्गासाठी परत मिळावेत. पहिली ते तिसरीच्या वर्गाला गावातला सर्वांत चांगला शिक्षक मिळावा.

आणि ग्रामगौरवाची जुनी रीत परत यावी. पूर्वी सगळे प्रौढ लिहू-वाचू लागले की गाव उत्सव करी. आता तिसरीतले प्रत्येक मूल समजून वाचू लागले की तसाच उत्सव व्हावा. आणि एकही मूल मागे राहिले, तर ते त्याचे अपयश न मानता ग्रामसभेने त्याची अडचण शोधावी. ही कुवत आपल्या गावांनी एकदा सिद्ध केलेली आहे, म्हणून ती पुन्हा मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.