हिरवा पडदा, पाण्याची टाकी आणि तुमचं संशोधन



गेल्या महिन्यात बीडच्या दोन पोरांनी मला एक क्लिप पाठवली. कॉलेजसाठी शॉर्ट फिल्म करतायत. त्यात हिरो कंकालेश्वराच्या मंदिरावरून उडत जातो. मंदिर झकास दिसतं, हिरोही झकास, पण त्याच्या केसांभोवती हिरवी झालर. खाली मेसेज होता: "ताई, चांगला कॅमेरा नाही ना, म्हणून असं होतं. भाड्याने घ्यावा का?"

हे वाक्य मला फारच ओळखीचं वाटलं. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी रोज हेच म्हणायचे, फक्त कॅमेऱ्याच्या जागी प्रयोगशाळेतल्या उपकरणाचं नाव असायचं. म्हणून आज स्पेशल इफेक्ट्सबद्दल लिहितेय. पेटची तयारी करणाऱ्यांनीही वाचा, कामाला येईल.

आधी नाशिक जिल्ह्यात जाऊन येऊ

त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन आले आणि तिथून कॅमेरा मागवला. सिनेमाला पैसा हवा होता, पण भांडवल घालणाऱ्याला पटवायचं कसं? त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि बी रुजून वेल वाढेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेतली. पडद्यावर वेल डोळ्यांदेखत वाढली. हिशोब करून बघा: समजा दर अर्ध्या तासाला एक फ्रेम घेतली, तर ३० दिवसांत १४४० फ्रेम होतात. सेकंदाला २४ या वेगाने दाखवल्या की बरोबर एक मिनिट. यात महागडं काहीच नाही. कॅमेरा वेळेचे तुकडे साठवतो, हे ज्याला समजलं त्याचा हा खेळ. 'राजा हरिश्चंद्र' पुढच्या वर्षी, १९१३ ला आला.

त्याच जिल्ह्यातलं मालेगाव. तिथे नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे आणि दोन व्हीसीआर जोडून एडिटिंग शिकले. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. सुपरमॅन झाला यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख. त्याला हिरव्या कापडासमोर उडवलं. फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) हा माहितीपट जरूर बघा. हसता हसता घशात काहीतरी अडकतं.

हिरवंच कापड का?

फोनच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांपैकी साधारणपणे दोन हिरवा प्रकाश मोजतात, एक लाल आणि एक निळा. म्हणजे हिरव्याची माहिती सगळ्यात जास्त. शिवाय आपल्या त्वचेत, गोरी असो वा सावळी, लाल रंग हिरव्यापेक्षा वरचढ असतो. त्यामुळे कापड आणि माणूस वेगळे काढणं सोपं जातं.

सॉफ्टवेअर करतं काय? अगदी ढोबळ सांगायचं तर वजाबाकी. हिरव्याच्या आकड्यातून लाल-निळ्यातला मोठा आकडा वजा करा.

कापड: लाल ६०, हिरवा १८०, निळा ७०. फरक ११०. हे पुसायचं.

चेहरा: लाल २००, हिरवा १५०, निळा १२५. फरक उणे ५०. हे ठेवायचं.

आता केसाची कड घ्या. तिथे एकाच ठिपक्यात अर्धा केस (२०, २०, २०) आणि अर्धं कापड येतं. सरासरी येते ४०, १००, ४५. फरक ५५, म्हणजे कापडाच्या बरोबर निम्मा. म्हणून हा ठिपका अर्धा पारदर्शक करायचा, आणि त्यात उरलेला जास्तीचा हिरवा काढून टाकायचा. पोरांच्या सॉफ्टवेअरने यातलं दुसरं काम केलंच नव्हतं. झालर तिथून आली.

दुसरं कारण फाइलमध्ये आहे. जागा वाचवायला बहुतेक फोन व्हिडिओत उजेड प्रत्येक ठिपक्याचा साठवतात, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकदाच. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, वजाबाकीला मात्र कळतं. केसांची कड चौकडीसारखी तुटते. यावर बिनपैशाचा उपाय आहे. शूटिंग फोर-के मध्ये करा आणि नंतर व्हिडिओ १९२० बाय १०८० ला आणा. आता शेवटच्या प्रत्येक ठिपक्याला रंगाचा स्वतःचा आकडा मिळतो.

बाकी तीन गोष्टी: माणूस कापडापासून सहा-सात फूट पुढे उभा करा, म्हणजे कापडाचा हिरवा उजेड त्याच्यावर पडणार नाही. कापडावर सुरकुती आणि सावली नको. इमारतीच्या सावलीत मिळणारा एकसारखा उजेड चालतो. आणि एक्सपोजर व व्हाइट बॅलन्स लॉक करा.

टाकी पाडायची असेल तर

या पोरांना पुढच्या सीनमध्ये गावाची पाण्याची टाकी कोसळताना दाखवायची आहे. पुठ्ठ्याची टाकी केली, पाडली, आणि ती पुठ्ठ्याचीच दिसली. का? सूत्र आठवा: पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. २० मीटरवरून वस्तू खाली यायला साधारण २ सेकंद लागतात. पंचविसाव्या हिश्श्याच्या मॉडेलात उंची ८० सेंटिमीटर, तिथे वेळ ०.४ सेकंद. उंची २५ पट कमी, वेळ ५ पट कमी. म्हणून सेकंदाला १२० फ्रेमने शूट करा आणि २४ ने दाखवा. स्लो मोशन बऱ्याच फोनमध्ये असतंच.

पण टाकीतून पाणी सांडलं की पितळ उघडं पडतं. पाण्याचा थेंब मॉडेलसोबत लहान होत नाही, कारण त्याचा आकार पृष्ठताण ठरवतो. म्हणून पाणी टाळा, माती आणि बारीक धूळ वापरा. प्रत्येक मॉडेल कुठेतरी मोडतं. ते कुठे मोडतं हे माहीत असणं हे मॉडेल बनवण्याइतकंच महत्त्वाचं.

आता माझी गोष्ट

माझं काम बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड मोजण्याचं. पाण्यात अभिकर्मक टाकला की फ्लोराइड जितकं जास्त तितका रंग फिका होतो. तो रंग फोनने मोजायचा, म्हणजे गावातल्या गावात तपासणी होईल. पहिले चार महिने एकही आकडा दुसऱ्यांदा तसाच आला नाही. मी फोनला शिव्या घातल्या, महागड्या उपकरणासाठी अर्ज केला, वाट बघत बसले. मग कळलं की फोन प्रत्येक फोटोत व्हाइट बॅलन्स आपोआप बदलत होता. फिका पडलेला रंग तो इमानदारीने 'सुधारून' देत होता! सेटिंग लॉक केली, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठरावीक दिवा लावला, प्रत्येक फोटोत माहीत असलेल्या प्रमाणाच्या नळ्या शेजारी ठेवल्या. तेव्हा कुठे आकडे जुळायला लागले.

हा नुसता आकड्यांचा खेळ नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. मी १.८ ला १.२ म्हटलं, तर ते पाणी शाळेतली लेकरं रोज पिणार.

म्हणून पोरांना कळवलं, कॅमेरा भाड्याने घेऊ नका. आहे तो फोन काय साठवतो, काय टाकून देतो आणि तुम्हाला न विचारता काय बदलतो, हे आधी शोधा. उपकरण खरंच कमी पडत असेल तर मग मागा, आणि नेमकं कुठे कमी पडतंय ते आकड्यांनी दाखवा. प्रस्तावात समितीला तेच बघायचं असतं.

आज एक काम करा. पांढऱ्या कागदावर हळदीचं बोट उमटवा. फोन ऑटोवर ठेवून त्याचे दहा फोटो काढा, दारात, खोलीत, दिव्याखाली. मग सेटिंग लॉक करून एकाच दिव्याखाली आणखी दहा काढा. प्रत्येक फोटोत पिवळ्या डागाचे लाल, हिरवा, निळा हे आकडे वहीत लिहा आणि दोन्ही गटांत ते किती हलतात ते बघा. ऑटोमुळे किती आणि उजेडामुळे किती, हे वेगळं कसं काढाल? तिसरा गट कोणता घ्यावा लागेल? उत्तर सुचलं तर मला कळवा, पुढच्या लेखात तिथूनच सुरुवात करू.