विश्लेषण : ४४ जागा, एक ठरलेली थैली... हंगाम संपल्यावरच 'फुटी' क्लबांची खरी कसरत का सुरू होते?

मेलबर्नचे एमसीजी आपल्याला क्रिकेटमुळे माहीत आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी याच मैदानावर एक लाख प्रेक्षकांसमोर ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची, म्हणजे तिथल्या लाडक्या 'फुटी'ची ग्रँड फायनल होते. करंडक उचलला जातो, खेळाडू सुट्टीवर जातात. क्लबच्या कार्यालयात मात्र त्यानंतरचे दोन महिने कोणालाच उसंत नसते. कोणाला ठेवायचे, कोणाला विकायचे, कोणाला 'आता थांब' म्हणायचे, हे याच काळात ठरते. या कामासाठी प्रत्येक क्लबकडे वेगळा माणूस असतो. त्याला लिस्ट मॅनेजर म्हणतात. त्याच्या एका चुकीची किंमत क्लबला पुढची चार-पाच वर्षे मोजावी लागू शकते.

लिलाव नाही, मग खेळाडू येतात कुठून?

आयपीएलमध्ये मोठा लिलाव झाला की संघ जवळपास नव्याने बांधता येतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये (एएफएल) ती सोय नाही. इथे खेळाडू येण्याचे मुख्य दरवाजे तीन. पहिला ड्राफ्ट. १९८६ पासून सुरू असलेल्या या पद्धतीत तळाच्या संघाला नव्या मुलांमधून पहिली निवड मिळते आणि विजेत्याला शेवटची. दुसरा ट्रेड, म्हणजे ऑक्टोबरमधील काही दिवस चालणारी अदलाबदल. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा ड्राफ्टमधील निवडीचा हक्क. २०१५ पासून तर पुढच्या वर्षीचा हक्कही आज देता येतो. उधारीचाच हा प्रकार, आणि उधारीचे सगळे धोकेही त्यात आले.

तिसरा दरवाजा २०१२ मध्ये उघडला. तो फ्री एजन्सीचा. एकाच क्लबमध्ये आठ वर्षे काढलेला खेळाडू करार संपल्यावर दुसरीकडे जाऊ शकतो. मात्र तो क्लबमधील सर्वाधिक कमावणाऱ्यांपैकी असेल, तर जुना क्लब तेवढीच रक्कम देऊन त्याला रोखू शकतो. २०१३ च्या अखेरीस लान्स फ्रँकलिन याच मार्गाने हॉथॉर्नमधून सिडनीला गेला. करार तब्बल नऊ वर्षांचा, सुमारे एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा. हॉथॉर्नने बरोबरी करायचे टाळले. पुढच्याच वर्षी ग्रँड फायनलमध्ये हॉथॉर्नने त्याच सिडनीला हरवले आणि २०१५ चे विजेतेपदही मिळवले. फ्रँकलिनने सिडनीकडून २०२२ मध्ये हजारावा गोल केला, पण त्या संघाबरोबर एकही करंडक त्याच्या हाती लागला नाही. मग सौदा चुकला का? स्टेडियम भरले, तिकिटे खपली. लिस्ट मॅनेजर आणि हिशेबनीस यांची उत्तरे इथे वेगळी येतील.

गणित नेमके अडते कुठे?

मैदानावर एका संघाचे १८ जण उतरतात. यादीत मात्र कमाल ४४ नावे बसतात. पूर्वी ही मर्यादा ४७ होती. कोविडच्या आर्थिक फटक्यानंतर, २०२१ च्या हंगामापासून ती खाली आली. या ४४ मध्ये मुख्य यादी, कमी मानधनाचे 'रूकी' आणि इतर खेळांतून किंवा परदेशातून आलेल्यांसाठी दोन राखीव जागा असतात. बास्केटबॉल खेळणारा २११ सेंटीमीटर उंचीचा अमेरिकन मेसन कॉक्स अशाच जागेवरून कॉलिंगवूडमध्ये शिरला.

त्यावर वेतनमर्यादेचे झाकण. १९८७ पासून क्लबने सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करायचा, याला वरची मर्यादा आहे. खालचीही आहे. मर्यादेच्या किमान ९५ टक्के रक्कम वाटावीच लागते. म्हणजे कंजुषी करून पैसा साठवता येत नाही आणि श्रीमंत असून उधळता येत नाही. त्यात आणखी एक अट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. करारात असलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या क्लबला देता येत नाही. गणिताच्या भाषेत सांगायचे, तर अनेक अटींखाली सर्वोत्तम उत्तर शोधायचा हा प्रश्न आहे. फरक इतकाच की यातले चल आकडे घर, बायको-मुले आणि स्वाभिमान असलेली माणसे आहेत.

कॉलिंगवूडचे २०२० मध्ये काय झाले?

हे सगळे एका जागी पाहायचे तर कॉलिंगवूडकडे पाहावे. २०१८ ची ग्रँड फायनल हा क्लब वेस्ट कोस्टकडून फक्त पाच गुणांनी हरला. इतक्या जवळ आलेला संघ मोडावासा कोणाला वाटेल? एकेकाला टिकवले गेले, काही करारांतील मोठ्या रकमा पुढच्या वर्षांवर ढकलल्या गेल्या. २०२० च्या सुरुवातीला ब्रॉडी ग्रंडी या उंचपुऱ्या रकमनशी, म्हणजे उडवलेल्या चेंडूसाठी झेपावणाऱ्या खेळाडूशी, सात वर्षांचा करार झाला. प्रत्येक निर्णय त्या दिवशी योग्यच वाटणारा होता. हप्त्यावर घेतलेल्या वस्तूंसारखे. एकेक हप्ता परवडतो, सगळे एकाच महिन्यात आले की अडते.

ते आले नोव्हेंबर २०२० मध्ये. कोविडमुळे त्या वर्षीचे वेळापत्रक पुढे सरकले होते. ट्रेडचा कालावधी संपता संपता कॉलिंगवूडने ॲडम ट्रेलोरला वेस्टर्न बुलडॉग्जकडे, जेडन स्टीफन्सन आणि अतू बोसेनावुलागी यांना नॉर्थ मेलबर्नकडे, तर टॉम फिलिप्सला हॉथॉर्नकडे पाठवले. ट्रेलोरचा करार २०२५ पर्यंत होता आणि त्याला जायचे नव्हते, हे त्याने लपवलेही नाही. संमतीचा नियम कागदावर होता. पण क्लबलाच आपण नको आहोत हे कळल्यावर 'नाही' म्हणण्याला कितीसा अर्थ उरतो? वर विरोधाभास असा की, त्याच्या पगाराचा काही भाग पुढे कॉलिंगवूडच भरत राहिले. प्रतिस्पर्ध्याच्या जर्सीत खेळणाऱ्या माणसाला आपल्या थैलीतून पैसे!

चाहते भडकले. २०२१ मध्ये संघ तळापासून दुसरा, १७ वा आला. प्रशिक्षक नेथन बकली हंगामाच्या मध्यावरच पायउतार झाले. ट्रेलोर मात्र त्याच वर्षी बुलडॉग्जकडून ग्रँड फायनल खेळला आणि २०२४ मध्ये पहिल्यांदा 'ऑल-ऑस्ट्रेलियन' संघात निवडला गेला.

मग २०२३ चा करंडक कसा आला?

इथे ड्राफ्टची एक खास तरतूद कामाला आली. ज्याचे वडील एखाद्या क्लबकडून १०० किंवा अधिक सामने खेळले, त्या मुलावर त्या क्लबचा अग्रहक्क असतो. पीटर डेकॉस हे कॉलिंगवूडचे दंतकथा बनलेले नाव आणि त्यांचा धाकटा मुलगा निक २०२१ च्या ड्राफ्टमध्ये येणार होता. असा मुलगा फुकट मिळत नाही. दुसऱ्या क्लबने त्याच्यावर बोली लावली की त्या क्रमांकाइतके 'गुण' भरावे लागतात. २०१५ च्या तक्त्यानुसार पहिली निवड ३००० गुणांची, चौथी २०३४ ची. गोल्ड कोस्टने चौथ्या क्रमांकावर निकचे नाव घेतले. कॉलिंगवूडने २० टक्के सवलत धरून खालच्या क्रमांकाच्या बऱ्याच निवडी एकत्र केल्या आणि बोली फेडली. सुट्टे पैसे मोजून नोट मिळवावी, तसे. त्या वर्षीची पहिल्या फेरीची स्वतःची निवड त्यांनी आधीच विकली होती, कारण ती नाहीतरी या बोलीत खर्ची पडली असती. संघ इतका घसरेल आणि ती निवड इतकी वरची ठरेल, हा अंदाज मात्र तेव्हा नसावा.

२०२२ च्या अखेरीस ग्रंडीलाही मेलबर्नकडे पाठवण्यात आले. सात वर्षांच्या करारातली जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्याच्याही पगाराचा वाटा उचलावा लागला, पण थैली सैल झाली. त्याच खिडकीतून टॉम मिचेल, बिली फ्रॅम्प्टन आणि बॉबी हिल आले, तर डॅन मॅकस्टे फ्री एजन्सीतून. सप्टेंबर २०२३ मध्ये कॉलिंगवूडने ब्रिस्बेनला चार गुणांनी हरवले. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे नॉर्म स्मिथ पदक बॉबी हिलला. चार गोल.

हे वाचून '२०२० ची साफसफाई बरोबरच होती' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. ते चार गुण उलट पडले असते, तर हीच यादी फसलेली ठरली असती.

यादीबाहेर जाणाऱ्यांचे काय?

बातम्या मोठ्या सौद्यांच्या होतात. संख्या मात्र दुसऱ्यांची जास्त असते. ड्राफ्टमध्ये नवी मुले घ्यायची तर जागा रिकाम्या हव्यात. म्हणून दरवर्षी प्रत्येक क्लबमधून काहींना निरोप दिला जातो. कोणी ३३ वर्षांचा, कोणी अवघा विशीतला, दोन वर्षांत एकही सामना न मिळालेला. त्यांना दुसऱ्या क्लबशी थेट बोलण्याची मुभा असते, उन्हाळ्यात चाचणीही देता येते. बहुतेकांसाठी पुढचा मुक्काम राज्य पातळीवरची लीग.

तिथून परतणारे थोडे. २०१९ पासून हंगामाच्या मध्यावरही छोटा ड्राफ्ट होतो. त्या पहिल्याच वर्षी रिचमंडने २७ वर्षांच्या मार्लियन पिकेटला घेतले. वरच्या लीगमधला त्याचा पहिला सामना होता थेट त्या वर्षीची ग्रँड फायनल. रिचमंड जिंकले.

आता सगळ्या क्लबांची नजर २०२८ कडे आहे. टास्मानियाचा १९ वा संघ त्या वर्षी मैदानात येतो आहे. त्याला अख्खी यादी शून्यातून उभी करायची आहे आणि अनुभवी खेळाडू तर सध्याच्या १८ क्लबांतूनच घ्यावे लागणार. त्यामुळे २०२७ च्या अखेरीस कोणाचा करार संपतो, हा तक्ता आतापासून प्रत्येक लिस्ट मॅनेजरच्या समोर असणार.