मालिकेतली सून आणि सातबारावरचं नाव

खुटबाव (ता. दौंड) : पुणे-दौंड लोहमार्गावर यवत सोडलं की केडगावच्या अलीकडं खुटबावचं स्टेशन लागतं. भोवताली ऊस, कांदा आणि हंगामात गुऱ्हाळांचा धूर. या पट्ट्यात सकाळी खुरपणीला बायकांनी पात धरली की पहिली चौकशी पिकाची नसते. "काल काय झालं गं? आमची लाईट गेली व्हती," असं एकीनं विचारायचं आणि दुसरीनं रात्रीचा सगळा भाग सांगायचा. पात पुढं सरकते, तशी गोष्टही सरकते. "तिनं सही करायला नको व्हती," असं कुणी म्हणतं. "न करून जाती कुठं? माहेर तरी हाय का तिला?" असं लगेच उत्तर येतं. बांधावरनं ऐकणाऱ्याला वाटावं, गावातल्याच एखाद्या घरची भानगड चाललीय. पण ती असते टीव्हीवरल्या मालिकेतली.

पारावरची मंडळी या गप्पांना हसतात. बायकांना मालिकेचं खूळ लागलंय म्हणतात. पण पुरुषांनीही फार हसू नये. २०१७ ते २०२० या काळात 'स्वराज्यरक्षक संभाजी' चालू असताना किती घरांत गडीमाणसं आधी जागा धरून बसत होती, ते घरोघरच्या बायकांना विचारावं. शंभूराजांची समाधी असलेलं वढू बुद्रुक शेजारच्या शिरूर तालुक्यात, त्यामुळं ती मालिका आपल्याच भागाची वाटायची. त्यात संभाजीराजांची भूमिका करणारे अमोल कोल्हे २०१९ मध्ये शिरूर मतदारसंघातून खासदार झाले आणि २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. 'तुझ्यात जीव रंगला'मधला राणा पैलवान तालमीतल्या पोरांनाही आवडला होता.

रामायणापासून आजपर्यंत

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळं पुणे परिसरात चित्र दिसू लागलं. त्या काळी गावात एखादाच संच असायचा. 'आमची माती आमची माणसं' पाहायला शेतकरी बसायचे, तर 'चिमणराव-गुंड्याभाऊ'ला लहानथोर सगळेच. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' ही हिंदी मालिका सुरू झाली. तिचे दीडशेवर भाग झाले. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' आलं. रविवारी सकाळी साडेनऊला गल्ल्या ओस पडायच्या आणि लाईट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून संचाला जोडली जायची. ऑक्टोबर १९८८ पासून 'महाभारत' सुरू झालं, तेव्हाही तेच. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं रामायण पुन्हा दाखवलं, तेव्हा आज्यांनी नातवंडांना शेजारी बसवून ते दुसऱ्यांदा पाहिलं.

मराठीत रोजच्या मालिकेची सवय लावली ती १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'दामिनी'नं. त्यातली नायिका पत्रकार. १९९९ मध्ये 'आभाळमाया' आली. २००१ ते २०१३ अशी तब्बल अकरा-बारा वर्षे 'चार दिवस सासूचे' चालली. तिचे तीन हजारांवर भाग झाले. ती सुरू झाली तेव्हा लग्न होऊन आलेल्या सुनेची पोरं ती संपेपर्यंत पाचवी-सहावीला गेली! त्यातच २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची. ऐन मालिकेच्या वेळी अंधार व्हायचा. मग दुपारी पुन्हा लागणारा भाग कोण पाहणार आणि कोण सांगणार, हेही ठरलेलं असायचं.

जुनी मालिका चांगली की नवी, यावर एकमत होत नाही. वयस्कर बायकांना 'दामिनी'तला साधेपणा आठवतो. त्या म्हणतात, "तवा घरात एवढं दागिनं घालून कुणी झोपत नव्हतं." तरण्या सुनांचं म्हणणं निराळं. जुन्या मालिकेत बाई सोसायचीच फार, असं त्यांना वाटतं. 'आभाळमाया'त नवऱ्याच्या परस्त्रीसंबंधानं दुखावलेली सुधा होती. त्यानंतर वीस वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये 'आई कुठे काय करते' सुरू झाली. तिच्यातल्या अरुंधतीपुढंही तोच प्रश्न आला आणि तिनं घटस्फोट घेतला. "बरोबर केलं" आणि "पोरांचा इचार करायला हवा व्हता" असे दोन तट पडले. 'जय मल्हार' चालू असताना म्हाळसा की बानू, असाही वाद होता. शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या जेजुरीचा हा खंडेराया अनेक घरांचं कुलदैवत, त्यामुळं त्या वादात घरच्या म्हाताऱ्यांनाही भाग घ्यावा लागे.

गप्पांत दडलंय काय?

आपल्या घरातलं गाऱ्हाणं बाई चारचौघींत उघडपणे सांगू शकत नाही. सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ते सासरी पोचतं. पण मालिकेतल्या सुनेबद्दल वाटेल ते बोलता येतं. नवरा मारतो, दीर जमीन लाटतो, धाकटीला शिकू देत नाहीत, हे सगळं मालिकेच्या नावावर बोललं जातं. ऐकणारीला कळतं की ही कुणाचं बोलतेय. पण नाव कुणाचंच घेतलं जात नाही.

मालिकेचा असा उपयोग होतो, हे जगात फार आधी ओळखलं गेलं. ब्रिटनमध्ये 'द आर्चर्स' ही आकाशवाणी मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकवली जाऊ लागली. महायुद्धानंतर धान्याची टंचाई होती, म्हणून एका शेतकरी कुटुंबाच्या गोष्टीतून नवी शेती शिकवावी, असा तिचा हेतू होता. आपल्याकडची 'हम लोग'ही मेक्सिकोतल्या अशाच मालिका पाहून, कुटुंबनियोजनाचा विचार घरोघर न्यावा म्हणून काढलेली. शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगायचे. प्रेक्षकांनी त्या मालिकेला लाखो पत्रं पाठवली.

२००९ मध्ये रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केबल टीव्ही नव्यानं पोचलेल्या भारतीय खेड्यांत मुलगाच हवा हा आग्रह आणि बायकोला मारणं योग्य असं मानणं, दोन्ही कमी झाल्याचं त्यांना आढळलं. त्या खेड्यांत बायकांचा घरच्या निर्णयातला वाटाही वाढला होता.

चर्चेचा धडा तर पुण्यानंच घालून दिला आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला. पुण्यासह पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं त्यात होती. पंधरा-वीस जणांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि काय ठरलं ते केंद्राला कळवायचं. नुसतं ऐकणाऱ्या गावांपेक्षा चर्चा करणाऱ्या गावांना जास्त उमगलं, असा निष्कर्ष निघाला. आज खुरपणीच्या पातीत रोज भरतं तेही असंच मंडळ. फरक एवढाच की त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

पडद्यावरचा कायदा आणि चावडीतला कायदा

अडचण अशी की मालिकेत कायदा चुकीचा दाखवतात. एका कागदावर सही घेतली की इस्टेट गेली, आणि तो कागद फाडला की परत आली! रोज असं पाहून 'आपल्या हातात काही नाही' अशी समजूत पक्की होते. खरं काय आहे ते गावकऱ्यांनी, विशेषतः बायकांनी नीट समजून घ्यावं.

जमिनीचा व्यवहार दुय्यम निबंधकाकडं दस्त नोंदवल्याशिवाय पुरा होत नाही. त्यानंतर तलाठी फेरफार धरतो, संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. म्हणून नोटीस आली की घडी घालून फडताळात ठेवू नये, कुणाकडून तरी वाचून घ्यावी. मात्र राखीला किंवा भाऊबीजेला माहेरी गेल्यावर साडीचोळीवर हक्कसोड लिहून दिली आणि ती रीतसर नोंदली गेली, तर ती मोडणं फार अवघड. तिथं मालिकेसारखा पुढचा भाग नसतो.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच तसा कायदा केला होता, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यात नव्हत्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट राहिली नाही. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असंही सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं.

आता सासू-सुनेचं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची विधवा, मुलं, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. म्हणजे टीव्हीवर जन्मभर भांडणाऱ्या सासू आणि सून वारस नोंदीत शेजारी शेजारी बसतात. दोघींची नावं लागली तर दोघींचं भलं, आणि दोघींची वगळली गेली तर दोघीही उघड्यावर. वारसाची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते. उशीर झाला तरी नोंद करून घेता येते.

नवरा हयात असेल, तर १९९२ च्या लक्ष्मी मुक्ती योजनेप्रमाणे तो स्वखुशीनं अर्ज करून बायकोचं नाव सातबाराला लावू शकतो. घर पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याचा शासन निर्णय २००३ चा आहे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढून आपल्या घरावर कुणाचं नाव आहे ते पाहावं. आणि सुनेला रात्रीतून घराबाहेर काढण्याचा प्रसंग मालिकेत शोभतो, पण २००६ पासून लागू असलेल्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानं तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे. घर तिच्या नावावर नसलं तरीही.

सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी

ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरावरच उरकते. बायका येत नाहीत, अशी तक्रार असते. त्या कशा येतील? सकाळी रान, संध्याकाळी धार, मग स्वयंपाक. रात्रपाळीची लाईट असेल त्या आठवड्यात गडीमाणूस बिबट्याच्या भीतीतच पाणी धरायला जातो आणि घर बाईवर पडतं. त्यातनं मालिकेचा अर्धा तास तेवढा तिचा असतो. ऐन मालिकेच्या वेळी सभा ठेवली तर ती रिकामीच राहणार. वेळ बायकांना विचारून ठरवावी.

आणि विषयपत्रिका नुसती वाचून दाखवण्यापेक्षा मालिकेपासून सुरुवात करून पाहावी. "काल त्या सुनेनं सही केली, ती बरोबर का चूक?" एवढं विचारावं. कधी तोंड न उघडणाऱ्या बाया बोलू लागतील. त्या बोलत्या झाल्या की तलाठी भाऊसाहेबांना पुढं करून सातबारा, फेरफार, वारस नोंद आणि हक्कसोड समजावून सांगावी. उतारे तिथंच काढून दाखवावेत. एका सभेत दहा घरांनी आपापला उतारा पाहिला तरी पुष्कळ झालं.

मालिकेतल्या सुनेला तिचा हक्क कधी मिळेल, ते लिहिणाऱ्याच्या मर्जीवर आहे. आपल्या गावातल्या सुनेचं, लेकीचं आणि म्हातारीचं नाव लावायला मात्र एक अर्ज पुरतो.