आकाशकंदील वाकडा का झाला?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावातील एका शाळेच्या विज्ञान मंडळाने ठरविले, की दिवाळीआधी मुलांनी आकाशकंदील करावेत, ते विकावेत आणि जमणाऱ्या पैशांतून प्रयोगशाळेसाठी एक जादा सूक्ष्मदर्शक घ्यावा. मार्गदर्शन करण्यासाठी मला बोलावले होते. कंदील अगदी सोपा होता. २ मि.मी. जाडीच्या पुठ्ठ्याचे, २० सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच असे चार तुकडे. प्रत्येकात चांदणीच्या आकाराची खिडकी कापलेली. बाहेरून खळीने रंगीत कागद चिकटविलेला आणि खिडकीवर आतून पतंगाचा कागद. शनिवारी दुपारी मुलांनी ३६ कंदिलांचे तुकडे तयार करून वाळत ठेवले. सोमवारी सकाळी जोडायचे, असा बेत.

सोमवारी वर्ग उघडला तेव्हा जवळजवळ सगळे पुठ्ठे पन्हळीच्या कौलासारखे वाकले होते! दोरीने बांधून, वहीच्या गठ्ठ्यांखाली दाबून पाहिले. वजन काढले की पुन्हा वाकडे. जोडायला गेलो तर कोपऱ्यांत बोटभर फटी. आता गंमत अशी, की मी वीस वर्षे महाविद्यालयात ‘स्थितिस्थापकता’ हे प्रकरण शिकवीत आलो आहे आणि हे असे का झाले, याचे उत्तर मला त्या क्षणी सांगता आले नाही. मुले म्हणाली, “सर, हवा दमट होती.” मी मान डोलावली.

पण नववीतील एका मुलीच्या कंदिलाचे चारही पुठ्ठे सरळ होते. तिने वेगळे काय केले होते? तिचे पुठ्ठे मिठाईच्या खोक्याचे होते, आणि आतल्या बाजूची छपाई दिसू नये म्हणून तिने आतूनही एक कोरा कागद चिकटविला होता. बस, एवढेच. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हते. मला मात्र तिच्या त्या कागदाने दोन आठवडे स्वस्थ बसू दिले नाही.

मूळ गोष्ट अशी आहे, की कागदाला दिशा असते. दिसायला तो सगळीकडून सारखा, पण तो बनतो झाडांच्या बारीक तंतूंपासून. या तंतूंचा पाण्यात कालविलेला लगदा यंत्रातील सरकत्या जाळीवर पडतो, पाणी खाली गळते आणि तंतूंचा थर मागे राहतो. नदीच्या प्रवाहात वाहणाऱ्या काड्या जशा प्रवाहाच्या दिशेने वळतात, तसे बरेचसे तंतू जाळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला लागतात. अखंड कागद करणाऱ्या अशा यंत्राचे पेटंट फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेर याने १७९९ साली घेतले. पुढे इंग्लंडमधील फूर्द्रिनिये बंधूंच्या नावाने ही यंत्रे ओळखली जाऊ लागली. हाताने कागद करणारा कारागीर मात्र लगदा उचललेली चाळण पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे अशी दोन्हींकडे हलवितो. त्यामुळे हातकागदात तंतू पुष्कळसे सर्व दिशांना विखुरलेले असतात. (दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव तर नावापासूनच कागदाचे!) छापखान्यातील मंडळी कागदाच्या या दिशेला ‘ग्रेन’ म्हणतात. आपण तिला ‘तंतुदिशा’ म्हणू.

तंतुदिशा ओळखायला कोणतेही उपकरण लागत नाही. कालचे वर्तमानपत्र घ्या आणि वरून खाली फाडा. बहुधा पट्टी सरळ फाटत जाईल. आता डावीकडून उजवीकडे फाडा. फाट वेडीवाकडी पळते. पहिल्या वेळी तुम्ही तंतूंच्या मधून फाडत होता, दुसऱ्या वेळी तंतूंना आडवे जात होता.

याहून चांगला प्रयोग असा. वहीच्या कागदाच्या १५ सें.मी. लांब व २ सें.मी. रुंद अशा दोन पट्ट्या कापा. एक कागदाच्या उभ्या बाजूने, दुसरी आडव्या बाजूने. कोणती कोणती ते पेन्सिलीने लिहून ठेवा, नाहीतर नंतर घोटाळा होतो. (माझा झाला होता.) दोन्ही एकावर एक ठेवून एका टोकाला चिमटीत आडव्या धरा. मग वरची खाली आणि खालची वर करून पुन्हा धरा. एका खेपेस दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटून वाकतील. दुसऱ्या खेपेस खालची पट्टी जास्त लोंबून मध्ये फट पडेल. जी जास्त लोंबते तिच्यात तंतू आडवे आहेत. जी ताठ राहते तिच्यात तंतू लांबीच्या दिशेने आहेत.

आता पाण्याकडे वळू, कारण आमचा घात पाण्याने केला. तंतू पाणी पितो तेव्हा तो जाडीत चांगलाच फुगतो, लांबीत मात्र नाममात्र वाढतो. साहजिकच ओला कागद तंतुदिशेला जेवढा वाढतो त्याच्या कित्येक पट आडव्या दिशेला वाढतो. कागदाचा एक चौकोनी तुकडा ताटलीतील पाण्यावर अलगद ठेवा. खालची बाजू आधी भिजून वाढते, वरची अजून कोरडी असते; त्यामुळे कडा वर उचलल्या जाऊन क्षणभर त्याची सुरळी होऊ लागते. त्या सुरळीचा अक्ष हीच तंतुदिशा. पाणी वरपर्यंत पोहोचले की कागद पुन्हा सपाट होतो.

मुलांनी कागदाला खळ लावली तेव्हा तो पसरला. पसरलेल्या स्थितीतच तो पुठ्ठ्याला चिकटला. रात्रभर वाळताना तो आखडू लागला, पण आता तो मोकळा नव्हता. आखडताना त्याने पुठ्ठ्याचा एक पृष्ठभाग आपल्याबरोबर ओढला. हे ओढणे किती असेल? समजा, २० सें.मी. रुंदीत पुठ्ठ्याची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा फक्त १ मि.मी. आखूड झाली. पुठ्ठा २ मि.मी. जाड. दोन समकेंद्री कंसांच्या लांबीतील फरक म्हणजे जाडी गुणिले केंद्रातील कोन. म्हणून कोन झाला अर्धा रेडियन आणि कंसाची त्रिज्या २० भागिले अर्धा, म्हणजे ४० सें.मी. एवढ्या वक्रतेने २० सें.मी. रुंदीचा पुठ्ठा मध्यभागी सुमारे सव्वा सें.मी. खोल होतो! एका मिलिमीटरचा सव्वा सेंटिमीटर होतो, हे मी कागदावर मांडले तेव्हा कुठे त्या बोटभर फटींचा मला उलगडा झाला.

पुठ्ठ्याच्या दुसऱ्या बाजूलाही तसाच कागद चिकटविला तर तोही तेवढ्याच जोराने ओढतो. दोन्ही ओढी पुठ्ठ्याच्या मध्यप्रतलापासून सारख्याच अंतरावर, पण विरुद्ध बाजूंना. त्यांची वाकविणारी आघूर्णे एकमेकांना रद्द करतात. त्या मुलीचे पुठ्ठे याच कारणाने सरळ राहिले. वह्या-पुस्तके बांधणारे कारागीर ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूचा कागद नुसता शोभेसाठी नसतो. तुमचे एखादे पाठ्यपुस्तक पावसाळ्यात शिवणीपाशी लाटांसारखे उमटत असेल, तर त्यातही तंतुदिशा शिवणीला समांतर नसून आडवी आहे, असे समजायला हरकत नाही.

खळीबद्दलही सांगायला हवे. दोन चमचे मैदा किंवा आरारूट आधी थंड पाण्यात कालवा, मग आचेवर ठेवून ढवळत राहा. मैदा एकदम गरम पाण्यात टाकला तर गुठळीचा बाहेरचा थर तत्क्षणी चिकट होतो आणि आतल्या कोरड्या पिठापर्यंत पाणी पोहोचतच नाही. साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसच्या आसपास पिठूळ पदार्थाचे कण फुगून फुटतात आणि मिश्रण पारदर्शक होऊ लागते. तेवढे झाले की उतरवा. खळ दाट करा आणि पातळ थर लावा. जितके पाणी कमी, तितका कागद कमी पसरतो. कीड लागू नये म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालीत. ते विषारी आहे. घरात लहान मुले असतील तर घालू नका. खळ रोज ताजी करावी हे उत्तम.

याच आखडण्याचा उपयोगही करून घेता येतो. खिडकीवरच्या पतंगाच्या कागदाला सुरकुत्या पडल्या तर खळ पूर्ण वाळल्यावर त्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. कागद आधी आणखी सैल पडेल, घाबरू नका. वाळल्यावर तो डफाच्या कातड्यासारखा ताणून बसेल. कारण असे, की कारखान्यात कागद ताणलेल्या स्थितीत वाळविलेला असतो आणि तो ताण त्यात जणू गोठून राहतो. पाण्याने तंतूंची एकमेकांवरील पकड सुटते, गोठलेला ताण मोकळा होतो आणि पुन्हा वाळताना कागद मूळच्यापेक्षा किंचित जास्त आखडतो.

नव्या कापडाची पिशवी शिवण्याआधी आई ते कापड भिजवून का वाळविते, याचेही उत्तर थोडेफार हेच. मागावर धागे ताणलेले असतात. पहिल्या पाण्यात ते सैल होऊन आटतात. आधी शिवून मग धुतले तर पिशवी आखडते आणि अस्तर तिच्याबाहेर डोकावते.

कापडाची गोष्ट एका बाबतीत कागदाहून सोपी, कारण तिथे दिशा डोळ्यांना दिसते. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. हातरुमालाच्या दोन समोरासमोरच्या बाजू धरून ओढा. फारसा ताणत नाही. आता समोरासमोरचे कोपरे धरून ओढा. कसा लांबतो! धागे तर तेच, मग ही लांबी आली कुठून?

१० सें.मी. बाजूचा चौरस घ्या. त्याचे कर्ण १४.१ सें.मी. असतात. कोपरे ओढल्यावर धागे लांबत नाहीत, ते फक्त एकमेकांवर कलतात आणि चौरसाचा समभुज चौकोन होतो. त्याचा लघुकोन ६० अंश झाला तर लांब कर्ण १७.३ सें.मी. होतो आणि आखूड कर्ण १० सें.मी. म्हणजे एकही धागा न ताणता कापड एका दिशेने शेकडा बावीस लांबले आणि दुसरीकडे अरुंद झाले. ४५ अंशांच्या या तिरक्या काटाला शिंपी ‘उरेब’ म्हणतात. ब्लाउजच्या गळ्याला लावलेली पट्टी उरेब असते म्हणूनच ती गोलाईवर सुरकुती न पडता वळते. पॅरिसमधील मादलेन व्हियोने या शिवणकर्तीने १९२० नंतरच्या दशकात आख्खे पोशाख उरेब कापून नाव मिळविले.

यातून घरगुती कामाचे धडे आपोआप निघतात. पिशवीचे बंद ताण्याच्या दिशेने, म्हणजे काठाला समांतर कापा. उरेब कापलेत तर भाजीच्या ओझ्याने पिशवी गुडघ्याशी येईल. केसांत माळायचे कापडी फूल करायचे असेल तर उलट उरेब पट्टीच घ्या. ती दोरा ओढताच सुरेख गोल वळते, आणि तिच्या कडेचे धागेही सरळ कापासारखे सुटून येत नाहीत. जाड कागदाचा पंखा किंवा चुण्यांचा कंदील करताना घड्या तंतुदिशेला समांतर पाडा. आडव्या पाडल्या तर घडीवर तंतू मोडतात आणि रंग उडून पांढरी रेघ उमटते. शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टी लावून आधी खूण दाबून घेतली की घडी नेमकी बसते.

कंदिलात दिवा लावताना आता बहुतेक घरी एलईडी असतो, हे कागदाच्या दृष्टीने चांगलेच झाले. तारेचा जुना बल्ब घेत असलेल्या विजेचा फार मोठा भाग उष्णतेत घालवितो. तोच वापरायचा असेल तर कंदिलाला वर-खाली भोक ठेवा आणि बल्ब कागदापासून दूर टांगा.

त्या वर्षी नऊच कंदील विकण्याजोगे निघाले, सूक्ष्मदर्शक काही आला नाही. पुढच्या वर्षी मुलांनी पुन्हा ४० कंदिलांचा घाट घातला. या वेळी प्रत्येक पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी कागद लावला आणि खळही दाट केली. एक सोडून सगळे सरळ निघाले, आणि सूक्ष्मदर्शकही आला. तो एक कंदील मात्र फारच विचित्र वाकला होता. त्याचा पुठ्ठा एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने खाली, अगदी घोड्याच्या खोगिरासारखा झाला होता. करणाऱ्या मुलाने शपथेवर सांगितले, की कागद त्याने दोन्ही बाजूंना लावला होता, आणि ते खरेही होते. आत लावलेला कागद त्याने कसा फिरवून कापला असेल, ते पट्ट्यांचा प्रयोग करून तुम्हीच शोधा.